विंडोजचे गेम लिनक्सवर: नवा गेम पळतो, जुना रखडतो, ग्राफिक्सचं दुखणं शोधायचं कुठून?

निळीखिडकी

नमस्कार मंडळी,

डेस्कटॉपवर उबुंटू आहे, एनव्हिडियाचं एकच कार्ड आहे, आणि स्टीममधून प्रोटॉन लावून विंडोजचे गेम खेळतो. अडचण अशी की अलीकडचे जड गेम एकदम मस्त चालतात, फ्रेम्स भरपूर मिळतात, आणि एक जुना डायरेक्टएक्स ९ चा गेम, जो कुठल्याही साध्या मशीनवर चालायला हवा, तो मात्र एकेक चित्र दाखवल्यासारखा चालतो. आवाज नीट येतो, मेनू दिसतो, क्रॅश होत नाही, रंगही बरोबर आहेत, फक्त पुढे सरकत नाही. सेटिंग्ज सगळ्यात खाली आणल्या, रिझोल्यूशन कमी केलं, थोडा फरक पडतो पण खेळण्यासारखं काही होत नाही. शोधलं तर प्रत्येक जण वेगळंच सांगतो, कोणी म्हणतं हे व्हेरिएबल (गेम सुरू होताना द्यायची सेटिंग) टाका, कोणी म्हणतं प्रोटॉन बदला, कोणी म्हणतं डिस्ट्रोच, म्हणजे लिनक्सचा प्रकारच, बदला. मला असा एकेक उपाय टाकून बघत बसायचं नाहीये, नेमकं कुठे बिघडलंय ते ओळखायचं कसं हे कळलं तर फार बरं होईल. गेम अतिशय आवडीचा आहे म्हणून सोडवत नाही.

थरथर

प्रश्न योग्य विचारलात, बहुतेक जण थेट "कुठलं व्हेरिएबल टाकू" असंच विचारतात आणि तिथेच घोळ सुरू होतो.

आधी हे डोक्यात बसवा की गेम आणि मॉनिटर यांच्यामध्ये बरेच थर आहेत. गेम डायरेक्टएक्समध्ये, म्हणजे विंडोजच्या ग्राफिक्सच्या भाषेत, बोलतो, लिनक्सला डायरेक्टएक्स कळत नाही. वाइन हा १९९३ पासून चालू असलेला प्रकल्प आहे, तो विंडोजचं बाकी सगळं सांभाळतो, म्हणजे फाइली, खिडक्या, रजिस्ट्री वगैरे. व्हॉल्व्हने ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन आणलं, त्याच्या पोटात हेच वाइन आहे आणि सोबत दोन महत्त्वाची भाषांतर करणारी मंडळी आहेत: डायरेक्ट३डी (डायरेक्टएक्सचा चित्र काढणारा भाग, थोडक्यात डी३डी) ८ ते ११ साठी डीएक्सव्हीके आणि १२ साठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन. हे दोघं गेमचं बोलणं व्हल्कनमध्ये, म्हणजे लिनक्सला कळणाऱ्या ग्राफिक्सच्या भाषेत, आणतात. तिथून पुढे तुमच्या कार्डाचा व्हल्कन ड्रायव्हर, त्याखाली कर्नलमधला ड्रायव्हर, आणि चित्र तयार झालं की ते स्क्रीनवर आणणारा डेस्कटॉपचा कंपोझिटर.

बिघाड यातल्या कुठल्याही थरात असू शकतो आणि बाहेरून बरेचदा सारखाच दिसतो. काळी स्क्रीन म्हटलं तर व्हल्कन मिळालं नाही म्हणूनही काळी, व्हिडिओचा कोडेक नाही म्हणूनही काळी, आणि गेमने भलतंच रिझोल्यूशन मागितलं म्हणूनही काळीच. त्यामुळे कुठे तुंबलंय ते न बघता घरातला प्रत्येक नळ सोडून बघण्यात अर्थ नाही.

तुमच्या बाबतीत एक फार मोठा सुगावा तुम्हीच दिलाय: नवे गेम चालतात, जुना रखडतो. म्हणजे कार्ड चांगलं, कर्नल ड्रायव्हर चांगला, कंपोझिटर चांगला. नव्या आणि जुन्या गेममध्ये फरक कुठे पडतो? डायरेक्टएक्सची आवृत्ती, आणि दुसरं म्हणजे जुने गेम बहुतेक सगळे ३२ बिट असतात. माझा संशय दुसऱ्यावर आहे पण आधी पुरावा बघू. टर्मिनलताई या बाबतीत माझ्यापेक्षा नीट सांगतील.

टर्मिनलताई

सांगते. पुरावा गोळा करायच्या दोन सोप्या जागा आहेत, दोन्हींनी गेमला काही होत नाही.

स्टीममध्ये गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे लॉंच ऑप्शन्सची रिकामी ओळ असते. त्यात हे टाका:

डीएक्सव्हीके_एचयूडी=डेव्हइन्फो,एफपीएस प्रोटॉन_लॉग=१ %कमांड%

मी इथे देवनागरीत लिहितेय, तुम्ही इंग्रजी अक्षरात लिहा. बरोबर-चिन्हाच्या डावीकडचं नाव पूर्ण कॅपिटलमध्ये, आकडेही इंग्रजी, बाकी सगळं लहान लिपीत, अंडरस्कोर जसेच्या तसे, आणि बरोबर-चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस अजिबात नको. शेवटचं %कमांड% विसरलात तर स्टीम तुमचं लिहिलेलं सगळं गेमलाच देऊन टाकतं आणि काहीच लागू होत नाही, निम्म्या लोकांची "व्हेरिएबल टाकलं पण फरक नाही" ही तक्रार इथेच असते.

पहिल्या भागाने गेमच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात कार्डाचं नाव आणि ड्रायव्हर दिसेल. ते अक्षर दिसलंच नाही तर तीसुद्धा माहितीच आहे, म्हणजे गेम डीएक्सव्हीकेमधून जातच नाहीये. दुसऱ्या भागाने तुमच्या होम फोल्डरमध्ये स्टीम-आणि-गेमचा-नंबर अशा नावाची लॉग फाइल तयार होईल. ती प्रचंड मोठी असते, घाबरू नका. त्यात "फिक्समी" ने सुरू होणाऱ्या ओळी ढिगाने असतात, त्या वाइनच्या डेव्हलपरनी स्वतःसाठी केलेल्या नोंदी आहेत, त्यांच्यामागे लागू नका. "ईआरआर" असलेल्या ओळी बघा, आणि डीएक्सव्हीके सुरू होताना कुठली कुठली कार्डं सापडली ते लिहितं ती जागा बघा.

काम झालं की प्रोटॉन_लॉग काढून टाका, नाहीतर प्रत्येक वेळी फाइल लिहीत बसतं आणि गेमचा वेगही कमी होतो.

निळीखिडकी

धन्यवाद ताई, केलं. कोपऱ्यात माझ्या कार्डाचं नावच नाही! "एलएलव्हीएमपाइप" असं काहीतरी लिहिलंय आणि कंसात बिट्सचा आकडा. नव्या गेममध्ये तेच टाकून बघितलं तर तिथे मात्र एनव्हिडियाचं नाव बरोबर येतंय. टर्मिनलमध्ये व्हल्कनइन्फो --समरी चालवलं तर त्यातही एनव्हिडिया दिसतं. मग एकाच मशीनवर एका गेमला कार्ड दिसतं आणि दुसऱ्याला नाही असं कसं?

थरथर

सापडलं. एलएलव्हीएमपाइप म्हणजे कार्ड नाहीच, तो मेसामधला, म्हणजे लिनक्सच्या मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या संचातला, सॉफ्टवेअर रेंडरर आहे, सगळं चित्र तुमचा प्रोसेसर काढतोय. म्हणूनच रंग बरोबर, क्रॅश नाही, पण वेग नाही. चित्र अचूक पण अतिशय संथ, असं दिसलं की सगळ्यात आधी हेच तपासायचं.

आता एकाला दिसतं आणि दुसऱ्याला नाही ते का. ६४ बिट प्रोग्रॅमला ६४ बिट ड्रायव्हर लागतो आणि ३२ बिट प्रोग्रॅमला ३२ बिट, एकमेकांचे चालत नाहीत. तुमच्याकडे एनव्हिडियाचा ६४ बिट भाग आहे, ३२ बिट भाग नाही. पण स्टीम बसवताना मेसाचं ३२ बिट पॅकेज आलेलं असतं, त्यात हा सॉफ्टवेअरवाला व्हल्कन ड्रायव्हरही असतो. त्यामुळे ३२ बिट गेमने "व्हल्कन आहे का" विचारलं तेव्हा "आहे" असं उत्तर मिळालं, एरर आली नाही आणि गेम बिचारा प्रोसेसरवर चालत राहिला.

आणि व्हल्कनइन्फो स्वतः ६४ बिट आहे, त्यामुळे ते फक्त ६४ बिटची बाजू दाखवतं. ते बघून "ड्रायव्हर व्यवस्थित आहे" असा निष्कर्ष काढला की माणूस भलतीकडेच शोधत बसतो. गेमच्या आत दिसणारं नाव हाच खरा पुरावा.

उपाय: आधी डीपीकेजीला (उबुंटूत पॅकेज बसवणारं साधन) आय३८६, म्हणजे ३२ बिट, आर्किटेक्चर जोडलेलं आहे ना ते बघा, स्टीम चालतंय म्हणजे बहुधा असेलच. मग लिबएनव्हिडिया-जीएल नावाच्या पॅकेजचा आय३८६ वाला प्रकार बसवा. नावापुढे जो आकडा असतो तो तुमच्या सध्याच्या ड्रायव्हरचाच हवा, आणि आवृत्तीही तंतोतंत तीच. मग मशीन रीस्टार्ट.

टर्मिनलताई

बाकीच्या डिस्ट्रोवाल्यांसाठी: आर्चवर याच गोष्टीला लिब३२-एनव्हिडिया-युटिल्स म्हणतात, एएमडीसाठी लिब३२-व्हल्कन-रेडिऑन, इंटेलसाठी लिब३२-व्हल्कन-इंटेल. आर्चवर स्टीम बसवताना तो विचारतो की व्हल्कन ड्रायव्हर कुठला हवा, तिथे न वाचता एंटर दाबू नका, तुमच्या कार्डाचाच निवडा. फेडोरावर मेसा-व्हल्कन-ड्रायव्हर्सचा आय६८६ प्रकार.

फ्लॅटपॅकचं स्टीम असेल तर मात्र बाहेर बसवून उपयोग नाही, कारण ते स्वतःच्या डब्यात स्वतःचा ड्रायव्हर घेऊन चालतं. एनव्हिडियावाल्यांनी सिस्टिमचा ड्रायव्हर अपडेट केला की लगेच फ्लॅटपॅक अपडेटही चालवावं, दोघांच्या आवृत्त्या जुळल्या नाहीत की कार्ड गायब. तसंच एनव्हिडिया-एसएमआय चालवल्यावर "ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच" आलं तर दुसरं काही शोधू नका, अपडेट झालंय आणि कर्नलमध्ये जुनंच मॉड्यूल बसलंय, फक्त रीस्टार्ट करा.

जुनं_ते_सोनं

धागा वाचून आशा वाटली म्हणून माझंही विचारतो. जीटीएक्स ६०० मालिकेतलं केप्लर पिढीचं कार्ड आहे. पूर्वी जे गेम छान चालायचे तेच नवीन प्रोटॉनवर सुरूच होत नाहीत, खिडकी येते आणि जाते. कोणीतरी सांगितलं म्हणून प्रोटॉन_यूज_वाइनडी३डी=१ टाकलं तर काही गेम चालले पण फार संथ. कार्ड बदलणं सध्या शक्य नाही. काही मार्ग आहे का?

थरथर

आहे, आणि कार्ड टाकायची गरज नाही दादा.

केप्लरसाठी एनव्हिडियाची शेवटची ड्रायव्हर शाखा ४७०. ती व्हल्कन १.२ पर्यंतच जाते. डीएक्सव्हीके २.० नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं, त्याला व्हल्कन १.३ लागतं, आणि प्रोटॉन ८ पासून आत हेच नवीन डीएक्सव्हीके आहे. म्हणजे तुमचं काही बिघडलेलं नाही, मधल्या भाषांतरकाराची किमान अट वाढली. स्टीमच्या कंपॅटिबिलिटी टॅबमध्ये जाऊन त्या गेमसाठी प्रोटॉन ७.० निवडा, त्यात डीएक्सव्हीकेची १.१० मालिका आहे, ती जुन्या ड्रायव्हरवर चालते. लुट्रिसमध्ये (गेम चालवणारा दुसरा प्रोग्रॅम) खेळत असाल तर तिथे डीएक्सव्हीकेची आवृत्ती हाताने निवडता येते, १.१०.३ घ्या. डायरेक्टएक्स ११ पर्यंतचे बरेच गेम यावर समाधानकारक चालतील. १२ वाल्या गेमची मात्र या कार्डावर अपेक्षा ठेवू नका.

इंटेलच्या हॅसवेल पिढीतल्या ग्राफिक्सचंही असंच आहे, मेसा स्वतःच वॉर्निंग देतं की याचा व्हल्कन सपोर्ट अपुरा आहे.

आणि वाइनडी३डी बद्दल थोडं स्पष्ट बोलतो. ते डायरेक्टएक्सचं भाषांतर ओपनजीएलमध्ये करतं, वाइनचा मूळ रस्ता तोच होता. त्याला कायमचा उपाय म्हणून सांगत फिरणं मला पटत नाही, पण तपासणीसाठी ते सोन्यासारखं आहे. डीएक्सव्हीकेवर चित्र बिघडतं आणि वाइनडी३डीवर बरोबर येतं, तर वाइन आणि गेम यांच्यावरचा संशय जवळजवळ उतरला, बिघाड डीएक्सव्हीके किंवा व्हल्कन ड्रायव्हरमध्ये. दोन्हीकडे तसंच बिघडतं, तर वर बघा: गेमची फाइल अर्धवट, प्रीफिक्स (गेमसाठी बनवलेलं नकली विंडोज फोल्डर) खराब, किंवा एखादी विंडोजची डीएलएल (लायब्ररी फाइल) कमी.

शेडरवेडा

याच्याही खाली जायचं असेल तर व्हीकेक्यूब चालवा, व्हल्कन-टूल्स पॅकेजमध्ये मिळतं. फिरणारा ठोकळा दिसतो. तो ठोकळाच दिसला नाही किंवा फाटका दिसला तर वाइन, प्रोटॉन, गेम यातल्या कशालाही हात लावायचा नाही, आधी ड्रायव्हर.

फ्रेमपाडू

माझ्याकडे सगळं चालतं, वेग आहे, कार्डाचं नाव बरोबर आहे, पण गेम खेळताना मधेच आधीची फ्रेम परत दिसते, म्हणजे गाडी पुढे जाते आणि क्षणभर मागे येऊन परत पुढे. मेनूत तर अक्षरं लुकलुकतात. वेलँड सेशन (स्क्रीनवर खिडक्या दाखवायची नवी पद्धत), एनव्हिडिया कार्ड. एक्स११ मध्ये (जुनी पद्धत) लॉगिन केलं की सगळं शांत. हा कुठला थर?

शेडरवेडा

हा शेवटचा थर, चित्र तयार झाल्यानंतरचा. तुम्ही एक्स११ मध्ये जाऊन बघितलंत तीच याची परीक्षा, एकच गोष्ट बदलली आणि लक्षण गेलं, म्हणजे भाषांतर आणि ड्रायव्हरचं चित्र काढणं दोन्ही ठीक आहे.

कार्डाचं काम पूर्ण व्हायच्या आधीच कंपोझिटर चित्र उचलतो, म्हणून जुनी फ्रेम दिसते. पूर्वीपासून लिनक्सवर कोण कोणासाठी थांबणार हे ड्रायव्हरच्या आत आपोआप ठरायचं, त्याला इंप्लिसिट सिंक म्हणतात, आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर त्या पद्धतीने चालत नव्हता. २०२४ मध्ये एक्सप्लिसिट सिंक सगळीकडे पोहोचलं, म्हणजे "माझं चित्र अमुक टप्प्यावर तयार होईल" असं आता स्पष्ट कळवलं जातं. पण हे साखळीत सगळ्यांना यावं लागतं: एनव्हिडिया ड्रायव्हर ५५५ किंवा पुढचा, एक्सवेलँड (वेलँडवर एक्स११ चे प्रोग्रॅम चालवणारा दुवा) २४.१ किंवा पुढचं, आणि कंपोझिटर म्हणजे केडीई प्लाझ्मा ६.१ पासून किंवा ग्नोम ४६.१ पासून. यातलं एक जरी जुनं राहिलं तरी लुकलुक राहते, आणि लोक फक्त ड्रायव्हर अपडेट करून "फरक नाही पडला" म्हणतात. एक्सवेलँड विसरू नका, प्रोटॉनचे गेम अजून बहुतांशी त्याच्याच मार्फत खिडकी उघडतात.

डिस्ट्रोवर हे सगळं इतक्यात येणार नसेल तर तोपर्यंत गेमसाठी एक्स११ सेशन वापरा, त्यात कमीपणा काही नाही.

फ्रेमपाडू

बघितलं, ड्रायव्हर नवा आहे, एक्सवेलँड २३ मालिकेतलं निघालं. आता डिस्ट्रोच्या पुढच्या आवृत्तीला जातो, तसंही जायचंच होतं. कारण कळलं याचंच समाधान आहे.

अजून एक विचारू का, गेममध्ये नवीन जागी गेलं की अर्धा सेकंद सगळं थिजतं, तिथेच परत गेलं तर नाही थिजत. हे पण त्याच भानगडीतलं का?

शेडरवेडा

नाही, हे वेगळं, आणि माझा आवडता विषय आहे, थोडं लांबण लागेल.

तुम्हीच लक्षण नेमकं सांगितलंत: पहिल्यांदा थिजतं, दुसऱ्यांदा नाही. म्हणजे शेडर तयार होतायत. शेडर म्हणजे कार्डावर चालणारे छोटे प्रोग्रॅम, पृष्ठभाग कसा दिसेल, प्रकाश कसा पडेल हे ठरवणारे. गेम ते डायरेक्टएक्सच्या अर्धकच्च्या स्वरूपात देतो, डीएक्सव्हीके त्याचं व्हल्कनच्या स्पिर-व्ही स्वरूपात रूपांतर करतं, आणि मग ड्रायव्हर ते तुमच्या कार्डाच्या खऱ्या मशीन कोडमध्ये बदलतो. हा शेवटचा टप्पा महाग आहे. त्यात अजून एक पेच: डायरेक्टएक्स ११ मध्ये गेम शेडर आणि बाकीची अवस्था, म्हणजे ब्लेंडिंग वगैरे, वेगवेगळी सांगतो, अगदी चित्र काढायच्या क्षणापर्यंत, आणि व्हल्कनला मुळात सगळं एकत्र आधी हवं असायचं. त्यामुळे डीएक्सव्हीकेला आधीपासून तयारी करता यायची नाही, शत्रू समोर आला की मग कंपाइल, आणि तेवढ्यात फ्रेम गेली.

२०२२ मध्ये व्हल्कनला ग्राफिक्स पाइपलाइन लायब्ररी नावाचं एक्स्टेन्शन आलं, त्याने पाइपलाइनचे तुकडे वेगळे तयार करून नंतर पटकन जोडता येतात. डीएक्सव्हीके २.० पासून ते वापरलं जातं, ड्रायव्हरकडे असेल तर. एएमडी कार्डांसाठीच्या आरएडीव्ही ड्रायव्हरमध्ये ते मेसा २३.१ पासून आपोआप चालू असतं. आता गेम लोड होतानाच शेडर तयार होतात, समोर आल्यावर नाही. म्हणून सांगतो, थिजण्याचा त्रास असेल तर पहिलं काम मेसा किंवा ड्रायव्हर ताजा करणं. जुन्या लेखांमध्ये डीएक्सव्हीके-असिंक नावाचा पॅच सुचवलेला असतो, तो शेडर तयार होईपर्यंत ती वस्तू दाखवतच नव्हता, म्हणजे भिंती नि माणसं उशिरा उगवायची. ऑनलाइन गेममध्ये तर धोकाच. आता त्याची गरज उरलेली नाही.

एचयूडीमध्ये (कोपऱ्यात माहिती दाखवणारं ते व्हेरिएबल) "कंपायलर" जोडा, शेडर तयार होत असतील तेव्हा तळाशी तसं लिहून येतं. थिजण्याच्या क्षणी ते आलं तर शेडर. नाही आलं तर "मेमरी" जोडून बघा, कार्डाची मेमरी काठोकाठ भरली असेल तर टेक्स्चर मुख्य रॅममध्ये ये-जा करतात आणि तेही थिजल्यासारखंच जाणवतं, त्यावर उपाय फक्त टेक्स्चर क्वालिटी एक पायरी खाली.

आणि स्टीम गेम सुरू करायच्या आधी "प्रोसेसिंग व्हल्कन शेडर्स" म्हणून जे थांबवून ठेवतं ते लोक वैतागून स्किप करतात. माझं मत विचाराल तर नवीन मशीनवर किंवा ड्रायव्हर बदलल्यावर एकदा तरी ते पूर्ण होऊ द्या. ड्रायव्हर बदलला की जुना तयार कोड चालत नाही, परत करावा लागतो, म्हणूनच अपडेटनंतर एकदोन दिवस "आता गेम अडखळतो" अशी तक्रार येते आणि मग आपोआप जाते.

टर्मिनलताई

+१, आणि अपडेटनंतर लगेच शेडर कॅशे (तयार शेडरांचा साठा) डिलीट करा असा सल्ला मिळेल, तो सरसकट पाळू नका. कॅशे खराब झाल्याचं लक्षण म्हणजे पूर्वी ठीक दिसणारी वस्तू आता विचित्र रंगात किंवा त्रिकोणांनी भरलेली दिसणं. फक्त अडखळत असेल तर डिलीट करून तुम्ही अडखळणं वाढवताय.

जुनं_ते_सोनं

प्रोटॉन ७.० लावलं. चालला गेम! वाइनडी३डीच्या मानाने खूपच सुरळीत. पण सुरुवातीचा व्हिडिओ येतो तिथे रंगीत उभे पट्टे दिसतात, टीव्हीवर पूर्वी यायचे तसे. हे कार्डामुळे का?

थरथर

नाही, कार्डाचा संबंधच नाही. व्हिडिओचा कोडेक प्रोटॉनसोबत देता येत नाही अशा ठिकाणी ते जागा भरायला हे पट्टे दाखवतं. बरेचदा स्टीम नंतर तो व्हिडिओ दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून शेडर कॅशेबरोबरच उतरवतं, म्हणून ते डाउनलोड बंद करून ठेवलं असेल तर चालू करा. तरी नाही झालं तर जीई-प्रोटॉन (प्रोटॉनची बाहेरच्या लोकांनी सुधारलेली आवृत्ती) बघा, त्यात व्हिडिओचा सपोर्ट जास्त आहे, फक्त तुम्हाला त्याचीही जुनी ७ मालिकाच घ्यावी लागेल.

फ्रेमपाडू

माझ्या मित्राच्या मशीनवर गेम खेळताना अख्खी स्क्रीन गोठते, कधी परत येते कधी नाही. एएमडीचं कार्ड. तो विचारतोय लॉगमध्ये काहीच दिसत नाही, शेवटची ओळ अर्धवटच आहे.

टर्मिनलताई

कारण बघण्याचं ठिकाण ते नाहीच. अख्खी स्क्रीन गोठली म्हणजे प्रकरण कर्नलपर्यंत गेलंय, प्रोटॉनचा लॉग लिहिणाराच मेला तर तो काय सांगणार. मशीन परत सुरू झाल्यावर जर्नलसीटीएल -के -बी -१ चालवा, म्हणजे मागच्या वेळच्या कर्नलच्या नोंदी. एएमडीवर "रिंग जीएफएक्स टाइमआउट" अशा अर्थाची ओळ शोधा. म्हणजे कार्डाला काम दिलं आणि ते ठराविक वेळेत संपलं नाही. एनव्हिडियावर "एक्सआयडी" आणि पुढे आकडा असतो. त्यात ७९ आला तर अर्थ कार्ड बसवरून गायब झालं, तिथे वीजपुरवठा, केबल, तापमान, स्लॉट हे आधी बघावं.

ओव्हरक्लॉक किंवा अंडरव्होल्ट केलेलं असेल तर तपासणीपुरतं मूळ सेटिंगवर आणा. विंडोजवर चालत होतं हे कारण पुरत नाही, इथे कार्डावर कामाचा भार वेगळ्या पद्धतीने पडतो. नेहमी एकाच गेममध्ये एकाच जागी गोठत असेल तर सॉफ्टवेअरचा संशय, कुठेही कधीही गोठत असेल तर हार्डवेअरचा.

शेडरवेडा

आणि एएमडीवाल्यांनी एकदा बघावं की मशीनवर एएमडीव्हीएलके आणि आरएडीव्ही दोन्ही व्हल्कन ड्रायव्हर बसलेत का. दोन असले की गेमने कुठला उचलला ते चटकन कळत नाही. एएमडीने २०२५ मध्ये एएमडीव्हीएलके थांबवून आरएडीव्हीलाच पाठिंबा द्यायचं ठरवलंय, त्यामुळे जुनं पॅकेज पडून असेल तर काढून टाका.

दोन ग्राफिक्सवाला लॅपटॉप असेल आणि गेम प्रोसेसरमधल्या चिपवर चालत असेल तर डीएक्सव्हीके_फिल्टर_डिव्हाइस_नेम मध्ये हव्या त्या कार्डाच्या नावाचा तुकडा द्या, म्हणजे डीएक्सव्हीके बाकीच्यांकडे बघतच नाही.

निळीखिडकी

मंडळी, लिबएनव्हिडिया-जीएलचा आय३८६ प्रकार बसवला, रीस्टार्ट केलं, आणि कोपऱ्यात माझ्या कार्डाचं नाव! गेम इतका पळतोय की उड्या मारताना पात्र छतातून बाहेर जातंय, फ्रेम्स शेकड्यात दिसतायत. खूप आनंद झाला, थरथर आणि ताई दोघांचेही मनापासून आभार.

आता दोन शंका. एक, हे छतातून जाणं कसं थांबवू. दुसरी, ग्राफिक्स सुधारणारा एक मॉड आहे, गेमच्या फोल्डरमध्ये डी३डी९ नावाची डीएलएल टाकायची असते, टाकली पण काहीच परिणाम नाही.

थरथर

पहिल्यासाठी डीएक्सव्हीके_फ्रेम_रेट=६०. बऱ्याच जुन्या गेममध्ये उडी, पडणं, वेग हे सगळं फ्रेमला बांधलेलं असतं, त्यामुळे फ्रेम वाढल्या की भौतिकशास्त्र बिघडतं, विंडोजवरही तसंच होतं.

दुसऱ्यासाठी: प्रोटॉन स्वतःची डी३डी९ वापरतं, फोल्डरमधल्या तुमच्या डीएलएलकडे बघत नाही. त्याला सांगावं लागतं, वाइनडीएलएलओव्हरराइड्स="डी३डी९=एन,बी", म्हणजे आधी नेटिव्ह बघ, नाही मिळाली तर बिल्ट-इन. अवतरणचिन्हं टाकलेली बरी. मॉडची डीएलएल वेगळ्या नावाची असेल, समजा डीएक्सजीआय, तर ते नाव.

टर्मिनलताई

मॉड टाकायच्या आधी सेव्ह फाइलींची कॉपी काढा. प्रोटॉनमध्ये प्रत्येक गेमचा स्वतःचा प्रीफिक्स असतो, स्टीमॲप्सच्या कॉम्पॅटडेटा फोल्डरमध्ये गेमच्या नंबरने. आत ड्राइव्ह_सी, युझर्स, स्टीमयुझर असं खाली जात गेलं की विंडोजचे नेहमीचे डॉक्युमेंट्स वगैरे सापडतात, बरेच जुने गेम तिथेच सेव्ह करतात आणि क्लाउडवर काही जात नाही. "प्रीफिक्स डिलीट करून बघ" हा सल्ला सगळीकडे मिळतो, उपयोगीही आहे, पण तो कॉपी काढल्यानंतरच पाळायचा.

आणि गेम विंडोजबरोबर वाटून घेतलेल्या एनटीएफएस पार्टिशनवर ठेवला असेल तर कॉम्पॅटडेटा फोल्डर लिनक्सच्या पार्टिशनवर हलवून तिथे सिमलिंक (शॉर्टकटसारखा दुवा) करा. प्रीफिक्सच्या आत "सी:" अशी कोलनवाली नावं असतात, ती एनटीएफएसवर टिकत नाहीत, मग गेम कधी सुरू होतो कधी नाही आणि दोष ग्राफिक्सवर जातो.

निळीखिडकी

६० ला बांधल्यावर उडी एकदम पूर्वीसारखी झाली, आणि ओव्हरराइड टाकल्यावर मॉडचा मेनूही उघडला. फक्त मॉड चालू केल्यावर कोपऱ्यातलं कार्डाचं नाव दिसायचं बंद झालं, काळजीचं आहे का?

थरथर

काही मॉड स्वतःची डी३डी९ पुढे करून खालच्या डी३डी९ ला हाक मारतात, त्यांच्यात नाव दिसत राहतं. काही मॉड सगळं काम स्वतःच दुसऱ्या डायरेक्टएक्समध्ये वळवतात. तुमचं दुसऱ्या प्रकारचं असेल तर डीएक्सव्हीकेची डी३डी९ बाजूला पडली आणि आता बहुधा डी३डी१२ चा रस्ता चालू आहे. प्रोटॉन_लॉग एकदा चालू करून बघा, डीएक्सव्हीके किंवा व्हीकेडी३डी यातलं कोण सुरू झालं आणि कुठलं कार्ड मिळालं ते लिहिलेलं असेल. तिथे एनव्हिडिया दिसलं की निर्धास्त खेळा, आणि एलएलव्हीएमपाइप दिसलं तर ती ओळ इथे टाका, पुढचं बघू.